अर्ध्या मॉड्यूलचे गिअर घरच्या लेथवर: कटरच्या आधी आर्बरकडे बघा

धागाकर्ता: कृष्णाकाठ
विभाग: तंत्र आणि छंद

नमस्कार मंडळी,

घरच्या लेथवर घड्याळाच्या मापाचे बारीक गिअर निघतात का, हा प्रश्न इथे वरचेवर येतो. निघतात, आणि चांगले निघतात. माझ्याकडे साडेचार फुटी राजकोटी लेथ आहे, टेबलावर मावणारं छोटं मिलिंग आहे आणि जुन्या बाजारातून आणलेलं ४० ला १ चं डिव्हायडिंग हेड आहे (वर्तुळाचे सारखे भाग पाडणारं साधन, हँडलचे ४० फेरे म्हणजे कामाचा एक फेरा). एवढ्यावर काम भागतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बारीक गिअर कटरमुळे क्वचित बिघडतो. तो बिघडतो ब्लँकचं, म्हणजे दात पाडायच्या चकतीचं, भोक हेडच्या अक्षावर नसल्यामुळे, कटर बरोबर मध्यावर नसल्यामुळे, नाहीतर इंडेक्सिंगमध्ये, म्हणजे ब्लँक एकेका दाताइतका फिरवण्यात, घोळ झाल्यामुळे. आणि नवीन माणूस सगळा पैसा आणि सगळी चिंता नेमकी कटरवर खर्च करतो. दाताचा आकार किंचित इकडेतिकडे असला तरी गिअर चालतो. भोक सरकलेलं असेल तर महागातला महाग कटरही त्याला वाचवत नाही.

आकड्यांत बोलू. पितळेचा ३० दाती गिअर घ्या, ०.५ मॉड्यूलचा. मॉड्यूल म्हणजे दाताच्या मापाचा आकडा, मिमीत. पिच व्यास (जोडीचे दात जिथे भिडतात त्या कल्पित वर्तुळाचा) म्हणजे मॉड्यूल गुणिले दात, १५ मिमी. बाहेरच्या व्यासासाठी दातांत दोन मिळवायचे, ३२ गुणिले ०.५, म्हणजे १६ मिमी. खाचेची पूर्ण खोली मॉड्यूलच्या २.२५ पट, १.१२५ मिमी. पिचवर दाताची जाडी ०.७८५ मिमी. हा शेवटचा आकडा लक्षात असू द्या, पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचंय.

समजा आर्बरवर, म्हणजे ब्लँक धरणाऱ्या दांड्यावर, ब्लँक बसतो त्या जागेला डायल गेज लावला आणि काटा ६ शतांश मिमी फिरला. म्हणजे केंद्र ३ शतांश सरकलंय. असा गिअर फिरताना जोडीदारापासूनचं त्याचं खरं अंतर ०.०६ मिमीने कमीजास्त होत राहतं. २० अंशाच्या दातात अंतर वाढलं की त्याच्या दुप्पट गुणिले टॅन २० इतका प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, वाढतो. हिशोब केला तर ०.०४४ मिमी. पाऊण मिमीच्या दाताला हा फरक बोटाला जाणवतो, अर्धा फेरा घट्ट आणि अर्धा फेरा ढिला. मग माणूस कटरला दोष देतो.

म्हणून माझा नियम असा की ज्या चकात आर्बर टर्न केला, त्या चकातून तो काम संपेपर्यंत काढायचा नाही. चक आर्बरसकट लेथवरून हेडवर जातो. त्यासाठी हेडला लेथच्या नाकाच्या आट्याचा अडॅप्टर करून घ्यावा लागतो आणि तो हेडवरच शेवटचा टर्न करावा लागतो. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी आर्बर चकात धरून हेडवरच गोल करावा. मिलिंगच्या स्पिंडलला एंड मिल लावायची आणि हेडचं हँडल सावकाश फिरवत आर्बरची शेवटची दोन-तीन शतांश काढायची. टर्निंगसारखी चकचकीत जागा मिळत नाही, पण ती अक्षावर असते. आपल्याला तेवढंच हवंय.

ब्लँकचं भोक रीमरने पूर्ण करायचं. आर्बरवर ते हाताने सरकावं, पण डुलू नये. मागे खांदा, पुढे वॉशर आणि नट. बाहेरचा १६ मिमी व्यास आर्बरवर बसवल्यानंतरच शेवटचा काढायचा. पत्रा दोन मिमीचा असेल तर त्याच्या मागे पितळेचीच एक टाकाऊ चकती लावायची. कटर बाहेर पडताना जो बर (कडेला उचललेला धातू) येतो तो त्या चकतीवर जातो आणि आपला गिअर दोन्ही बाजूंनी स्वच्छ उतरतो.

दुसरी गोष्ट कटर मध्यावर आणण्याची. हेडमध्ये गोल गज धरा आणि फिरता कटर वरून अगदी अलगद टेकवून टेबल आडवं थोडं पुढेमागे करा. गजावर एक लहानसा लांबट डाग उमटतो. टेबल थांबवून, भिंगातून बघत, कटरचं टोक त्या डागाच्या बरोबर मध्यावर आणा आणि आडवी स्लाइड लॉक करा. खात्री करायची असेल तर गिअर कापून झाल्यावर तो आर्बरवर उलटा बसवा आणि एक खाच कटरखालून पुन्हा न्या. कटरने एकाच बाजूचं पितळ खरवडलं तर तो मध्यावर नव्हता. काहीच खरवडलं नाही तर काम उत्तम.

इंडेक्सिंग: ४० भागिले ३०, म्हणजे हँडलचा एक पूर्ण फेरा आणि प्लेटवरच्या १५ भोकांच्या वर्तुळात ५ अंतरं. सेक्टर आर्म (अंतरं मोजून धरणारे दोन हात) लावताना पिनेच्या भोकासकट ६ भोकं मोजायची. इथे पुष्कळांची गफलत होते आणि शेवटचा दात अर्धाच उरतो. हँडल नेहमी एकाच दिशेला फिरवायचं. पिन पुढच्या भोकात गेली तर नुसतं मागे येऊन चालत नाही, अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा पुढून त्या भोकावर यायचं. प्रत्येक कापाआधी स्पिंडल लॉक.

पितळेत एवढ्या बारीक दाताला मी पूर्ण खोली एकाच कापात घेतो. फ्लाय कटरचं (एकाच दाताच्या फिरत्या टूलचं) टोक ४० मिमी व्यासात फिरत असेल तर १५०० फेऱ्यांना टोकाचा वेग मिनिटाला १८८ मीटर होतो, एचएसएसला (हाय स्पीड स्टीलला) पितळेत तो सहज झेपतो. पोलादात मात्र २०० फेऱ्यांवर उतरावं लागतं.

तुम्ही कसं करता ते सविस्तर लिहा. विशेषतः माझ्या मुद्द्याशी ज्यांचं पटत नाही त्यांनी.

---

पेठेतला:
वाचनखूण साठवली. अगदी वेळेवर धागा आला.
एक शंका. ३० दातांसाठी ऑनलाइन ०.५ मॉड्यूलचा ४ नंबरचा कटर मागवला, कारण तक्त्यात २६ ते ३४ दातांना ४ नंबर दिलाय. हातात आला त्यावर २१-२५ असं कोरलंय. विक्रेता म्हणतो ४ नंबरच पाठवलाय. खरं काय?

---

भोसरीकर:
@पेठेतला, विक्रेता बरोबर आहे आणि तक्ताही बरोबर आहे. आठ कटरच्या संचाला नंबर द्यायच्या दोन उलट पद्धती आहेत. इंची डीपीच्या (डायमेट्रल पिचच्या) संचात १ नंबर म्हणजे १३५ दातांपासून रॅकपर्यंत (सरळ दातेरी पट्टीपर्यंत) आणि ८ नंबर म्हणजे १२-१३ दात. मॉड्यूलच्या संचात बहुतेक वेळा नेमकं उलटं असतं, १ नंबर १२-१३ दातांचा आणि ८ नंबर रॅकचा. त्यामुळे तुमच्या ३० दातांना मॉड्यूलमध्ये ५ नंबर लागतो. नंबर विसरा, ऑर्डर देताना "२६ ते ३४ दात" असं लिहून द्या.

आणखी एक, हा कटर त्याच्या मर्यादेतल्या सगळ्यात कमी दातांना अचूक असतो. २६-३४ चा कटर खरा २६ दातांचा आहे. ३० ला तो किंचित जास्त वळणाचा पडतो, चालतो. धागाकर्त्याचा आकाराबद्दलचा मुद्दा इथे सिद्धच होतो. जगभर कारखान्यांनी वर्षानुवर्षं असेच गिअर कापलेत.

आता मतभेद. मी टूलरूममध्ये आहे, म्हणून विचारतो: एवढा खटाटोप कशाला? गिअरची डीएक्सएफ (ड्रॉइंगची) फाइल करा आणि वायरकटला, म्हणजे बारीक तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या मशीनला, द्या. ०.२५ ची वायर असते, ठिणगीचं अंतर धरून आतला कोपरा साधारण ०.१५ त्रिज्येचा निघतो. ०.५ मॉड्यूलच्या दाताच्या मुळाशी ०.१९ च्या आसपास त्रिज्या असते, म्हणजे बसतं. शिवाय भोक आणि दात एकाच सेटिंगमध्ये निघतात, त्यामुळे तुमचा आर्बरचा प्रश्नच मिटतो. १० मिमी जाडीचा एक तुकडा कापून घ्या आणि घरी लेथवर त्याचे काप पाडा, चार-पाच गिअर मिळतील.

---

कृष्णाकाठ:
@भोसरीकर, वायरकटला माझा विरोध नाही. पोलादी पिनियन (कमी दातांचा लहान गिअर) असेल, आणि तेही आधी कडक केलेलं, तर मीही वायरकटचाच रस्ता सांगीन. भोक आणि दात एका सेटिंगमध्ये निघणं हा त्याचा खरा गुण आहे, आणि तो गुण आकाराचा नसून एककेंद्रीपणाचा आहे. म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे निघालात!

काप पाडण्याबद्दल मात्र जपून. दात पडलेला तुकडा चकात धरला की जबडा दातांच्या टोकांवर बसतो आणि पितळ दबतं. मऊ जबडे टर्न करून घ्यावेत, नाहीतर भोकातून आर्बरवर धरावं. आणि ०.३-०.४ मॉड्यूलपर्यंत खाली गेलात तर ०.२५ ची वायर मुळाशी मावत नाही, बारीक वायरवाला शोधावा लागतो. शहराबाहेर राहणाऱ्याला एका गिअरसाठी ते परवडत नाही. कटर असेल तर संध्याकाळी जेवणाआधी गिअर हातात असतो.

---

टर्नर काका:
चांगला धागा. माझे बरेचसे दिवस उद्यमनगरात लेथवर गेलेत. डिव्हायडिंग हेड नसलेल्यांसाठी सांगतो, ते नसलं तरी अडत नाही. लेथच्या स्पिंडलच्या मागच्या टोकाला एक्स्पांडिंग मँड्रेलवर लेथचाच ६० दाती चेंज गिअर बसवा. बाजूला बेडवर घट्ट आवळलेला ब्रॅकेट, त्यात स्प्रिंगची पिन, पिनेचं टोक गिअरच्या खाचेत बसेल असं घासलेलं. झालं तुमचं इंडेक्सिंग: ६०, ३०, २०, १५, १२, १० दात. कटर फिरवायला क्रॉस स्लाइडवर छोटा स्पिंडल लावायचा. आणि ब्लँक तर टर्न केलेल्या चकातून हललेलाच नसतो, म्हणजे धागाकर्त्याची मुख्य अट आपोआप पाळली जाते.

यात लोक शंका काढतात की डिव्हायडिंग हेडच्या वर्मचं ४० पट रिडक्शन इथे नाही, चेंज गिअरची चूक सरळ कामात उतरते. सरळ उतरत नाही. १ मॉड्यूलच्या ६० दाती गिअरची पिच त्रिज्या ३० मिमी, आणि तुम्ही कापताय त्याची ७.५. चूक कोनाची असते, म्हणून ती इथे चार पट लहान होऊन येते. २ शतांशाची चूक अर्ध्या शतांशावर आली. मोठ्या चाकावर मोजून लहान चाक कापायचं हे सूत्र आहे. उलट करायला जाल तर पस्तावाल.

पोरांनो, दोन गोष्टी बजावून सांगतो. फ्लाय कटरला एकच दात असतो, फिरताना तो दिसत नाही. हातमोजे घालून त्याच्या जवळ जायचं नाही, आणि चिंधीने पुसायला तर अजिबात नाही. पितळेची कात सुईसारखी उडते, चष्मा लावल्याशिवाय स्विच दाबू नका. साफसफाई ब्रशने करायची. हवेच्या झोताने कात स्लाइडमध्येही जाते आणि डोळ्यांतही.

---

ऊर्मिला_द:
काकांना नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्सकडून या छंदात आले, त्यामुळे माझ्याकडे इंडेक्स प्लेटच नाही. ४० ला १ च्या हेडला स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) लावलीय, आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर) दातांची संख्या टाकायची आणि बटन दाबायचं. यातला एक खड्डा सांगते, कारण इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक प्रोग्रॅममध्ये तो आहे.

मोटरच्या फेऱ्याला २०० पावलं, प्रत्येकाचे १६ मायक्रोस्टेप, वर ४० चं रिडक्शन. हेडच्या एका फेऱ्याला १,२८,००० पावलं होतात. मला १२७ दात हवे होते. भागाकार येतो १००७.८७४. प्रोग्रॅम त्याला १००८ करतो आणि प्रत्येक दाताला १००८ पावलं टाकतो. एका दाताला चूक नगण्य वाटते, पण ती साठत जाते आणि १२७ व्या दाताला बरोबर १६ पावलांची होते. म्हणजे ०.०४५ अंश. ०.५ मॉड्यूलच्या १२७ दाती चाकाची पिच त्रिज्या ३१.७५ मिमी, तिथे हे अंतर २५ मायक्रॉन भरतं. सगळे दात सुंदर, आणि शेवटचा एक दात बारीक. गिअर फिरताना दर फेऱ्याला एकदा टक् असा आवाज येतो.

उपाय साधा आहे. पावलं मागच्या दातापासून मोजायची नाहीत, शून्यापासून मोजायची. दहावा दात म्हणजे १,२८,००० गुणिले १० भागिले १२७, आणि तिथे जवळचा पूर्णांक घ्यायचा. मग कुठल्याही दाताला चूक अर्ध्या पावलाच्या पुढे जातच नाही. गुणाकारासाठी मोठा पूर्णांक, म्हणजे लाँग वापरा, नाहीतर आकडा मावत नाही.

मोटरच्या जोरावर विसंबून कापू नका. कापताना स्पिंडल लॉक हवाच, कटरचा धक्का मोटर धरून ठेवत नाही.

---

पेठेतला:
@भोसरीकर, २६-३४ असं लिहूनच मागवतो आता. धन्यवाद.
@ऊर्मिलाताई, १२७ दात कशाला हवे होते? इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडायला?

---

ऊर्मिला_द:
त्यासाठीही लागतो. २५.४ म्हणजे १२७ भागिले ५, आणि १२७ मूळ संख्या आहे, म्हणून दुसऱ्या कुठल्या गिअरने ते साधत नाही. पण मला हवा होता तो अँटिकिथेराच्या प्रतिकृतीसाठी.

१९०१ मध्ये ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून काशाचं एक यंत्र वर आलं, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. सूर्य-चंद्राच्या गती दाखवणारं. १९ वर्षांत चंद्राच्या ताऱ्यांसापेक्ष २५४ प्रदक्षिणा होतात, ते गुणोत्तर त्यात असं बसवलंय: ६४ भागिले ३८, गुणिले ४८ भागिले २४, गुणिले १२७ भागिले ३२. करून बघा, बरोबर २५४ भागिले १९ येतं. २५४ चा अर्धा म्हणजे १२७, तोही टाळता येत नाही. ग्रहणांच्या चक्राचं २२३ दातांचं चाकही त्यात आहे, तीही मूळ संख्याच. दात सरळ बाजूंचे, त्रिकोणी, हाताने पाडलेले. इन्व्होल्यूटची, म्हणजे आजच्या बहुतेक गिअरच्या दाताच्या वळणाची, कल्पना जन्मायच्या कितीतरी आधी.

त्या कारागिराने १२७ आणि २२३ भाग कसे पाडले असतील याचा विचार मी मोटर लावतानाही करत होते. वर्म नाही, प्लेट नाही, आणि तरीही यंत्र चाललं. माझ्या प्रतिकृतीत मी ०.५ मॉड्यूलचे इन्व्होल्यूट दात घेतलेत, कारण कटर तोच होता.

---

कृष्णाकाठ:
ताई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका, विनंती. फोटोंसकट.

---

घड्याळजी:
उशिरा आलो. जुनी लंबकाची घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून माझा अनुभव थोडा वेगळ्या दिशेचा आहे. सगळे इन्व्होल्यूटबद्दल बोलताय. घड्याळाच्या गाडीत (चाकांच्या मालिकेत) तो दात नसतो, सायक्लॉइडल, म्हणजे वेगळ्या वळणाचा, असतो, आणि त्याला कारण आहे.

यंत्रात बहुधा लहान गिअर मोठ्याला फिरवतो. घड्याळात उलटं असतं, मोठं चाक बारीक पिनियनला फिरवतं, आणि पिनियनला सात-आठच दात असतात. २० अंशाच्या इन्व्होल्यूटला १७ च्या खाली गेलं की दाताचं मूळ पोखरलं जातं. शिवाय दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेच्या आधीच दात भिडले तर ते एकमेकांना ढकलत घासतात. वजनाची किंवा कमानीची ताकद आधीच थोडी, ती अशी वाया गेली तर लंबक थांबतो. सायक्लॉइडल दात बहुतेक काम त्या रेषेनंतर करतो, घर्षण कमी राहतं.

त्यामुळे घड्याळाच्या चाकाला तुमचा आठचा संच चालत नाही, घड्याळाचा कटर वेगळा येतो. आणि "आकार किंचित चुकला तरी चालतं" हे तुमचं म्हणणं इन्व्होल्यूटपुरतं खरं आहे. इन्व्होल्यूटचं केंद्रांतर थोडं चुकलं तरी गुणोत्तर बिघडत नाही, प्ले तेवढा बदलतो. सायक्लॉइडल हे सहन करत नाही. तिथे केंद्रांतर आणि चाकाचा व्यास दोन्ही जुळावे लागतात.

हरवलेलं चाक कसं शोधायचं तेही सांगतो, कारण इथे येणाऱ्या बऱ्याच जणांची खरी अडचण ती असते. सेकंदाच्या लंबकाचं घड्याळ घ्या, लंबक साधारण ९९४ मिमी, एस्केप चाकाला (लंबकाच्या झोक्यागणिक एकेक दात सुटणाऱ्या चाकाला) ३० दात. एस्केप चाक मिनिटाला एक फेरा घेतं, मधलं चाक तासाला एक. म्हणजे गाडीचं गुणोत्तर ६० हवं. ६४ भागिले ८ गुणिले ६० भागिले ८, बरोबर ६०. तुमच्याकडे ६४ चं चाक आणि दोन्ही आठाचे पिनियन शिल्लक असतील, तर हरवलेलं चाक ६० चंच. आता प्लेटवरच्या दोन भोकांतलं अंतर मोजा. ते १७ मिमी भरलं तर दुप्पट ३४, भागिले ६० अधिक ८, म्हणजे ६८. मॉड्यूल ०.५. घड्याळ जुनं असेल तर हा आकडा इतका सरळ येत नाही, भोकं झिजून लांबट झालेली असतात. आधी भोकांत बुश (नवी नळी) बसवा, मग मोजा. झिजलेल्या भोकावर मोजून कापलेलं चाक फुकट जातं.

चाक बसवल्यावर दातांना तेल देऊ नका. तेल फक्त पिव्हटांना (आसांच्या टोकांना). दातांवर तेल असलं की धूळ चिकटते, आणि ती पितळेत रुतून पोलादी पिनियन खाते.

---

कृष्णाकाठ:
@घड्याळजी, दुरुस्ती मान्य. माझं विधान इन्व्होल्यूटपुरतं धरावं. सायक्लॉइडलमध्ये आकाराला जास्त मान द्यावा लागतो हे पटलं. एककेंद्रीपणा मात्र तिथे अजूनच महत्त्वाचा ठरतो, कारण सरकलेलं केंद्र म्हणजे फेऱ्यागणिक बदलणारं केंद्रांतर, आणि तुम्ही म्हणता तसं ते त्याला सोसत नाही.

---

पेठेतला:
नवीन कटर यायला वेळ आहे. तोवर फ्लाय कटरचं टूल घरी घासता येईल का? आकार नेमका कसा आणायचा? नजरेने?

---

कृष्णाकाठ:
नजरेनेही येतो, मोठा आकार छापून त्याच्यावर भिंगातून ताडत. पण बटनांची पद्धत खात्रीची आहे, आणि ती करताना हाताला समाधान मिळतं.

दाताची इन्व्होल्यूट बाजू पिचजवळ एका वर्तुळाच्या तुकड्याशी जवळजवळ जुळते. त्या वर्तुळाचा व्यास २० अंशाला मॉड्यूल गुणिले दात गुणिले ०.३४२. आपल्या ३० दातांना ५.१३ मिमी. सिल्व्हर स्टीलची या व्यासाची दोन बटनं टर्न करायची. दोन्हींच्या केंद्रांत अंतर ठेवायचं ५.५१ मिमी. ते असं येतं: पिच त्रिज्या ७.५ गुणिले कॉस २०, म्हणजे ७.०४८, त्याला २० अधिक ३ अंशांच्या साइनने गुणायचं आणि दुप्पट करायची. ते ३ अंश म्हणजे ९० भागिले दातांची संख्या. दोन बटनांमधून जी निमुळती फट राहते, तो आपल्या कटरचा आकार.

बटनं एका दांड्यावर शेजारी शेजारी बसतात. पुढच्या कडेला धार यावी म्हणून ती मागे किंचित निमुळती टर्न करावी लागतात. मग लाल करून पाणी द्यायचं आणि फिकट पिवळ्या रंगावर मऊ करायचं, साधारण २३० अंश. या दांड्याने कटरची चकती प्लंज करून टर्न केली की आकार तिच्यावर उतरतो. टोकाची रुंदी वेगळी बघावी लागते, ती बटनांनी ठरत नाही.

एकट्या गिअरसाठी एवढं नको असेल तर याच बटनांना नमुना धरा. एचएसएसचा बिट घासत जायचा आणि उजेडासमोर दोन बटनांच्या फटीत धरून बघायचं. जिथे उजेड दिसत नाही तिथे घासायचं. पितळेसाठी वरचा चेहरा सपाट ठेवा, रेक (मागे उतार) देऊ नका. रेक दिला की आकार बदलतो, आणि पितळ टूलला आत ओढतं.

---

भोसरीकर:
बटनांची पद्धत वाचून आनंद झाला. टूलरूममध्ये जुने लोक ती करायचे, आता कुणी विचारत नाही.

मोजमापाचं राहिलंच होतं. खोली डायलवर बघून थांबू नका, दात मोजा. ३० दाती ०.५ मॉड्यूलला चार दातांवरून व्हर्नियरचे जबडे लावायचे. प्ले शून्य असेल तर माप येतं ५.३७६ मिमी. जबड्यांची पातळ कड वापरा आणि हलकेच डोलवत सगळ्यात लहान माप घ्या. गिअरच्या चार ठिकाणी मोजा. हे माप सगळीकडे सारखं येईल आणि तरी गिअर घट्ट-ढिला फिरेल, तर समजा भोक सरकलंय. चार दातांच्या मापाला भोक कुठे आहे ते कळत नाही. ते डायललाच कळतं.

---

पेठेतला:
बिट बटनांवर ताडून घासला आणि पहिला गिअर कापला. आर्बर हेडवरच एंड मिलने गोल केला, काटा एक शतांशाच्या आत आहे. चार दातांवर ५.४१ येतंय, चारही ठिकाणी तेवढंच. जोडीदाराबरोबर फिरवला तर पूर्ण फेरा सारखाच घट्ट लागतो. फेकू का?

---

भोसरीकर:
अजिबात फेकू नका. सारखा घट्ट म्हणजे केंद्र बरोबर आहे, फक्त खोली कमी पडलीय. कटर जेवढा आत जातो त्याच्या ०.६८४ पट हे माप कमी होतं, कारण दोन्ही बाजूंना साइन २० लागू होतो. ५.३७६ ला प्ले शून्य, फिरायला थोडी फट हवी, म्हणून ५.३५ धरा. ५.४१ वजा ५.३५ म्हणजे ०.०६, भागिले ०.६८४, जवळजवळ ९ शतांश. आर्बरवरून काढला नसेल तर तसाच ९ शतांश खाली घ्या आणि सगळ्या खाचा पुन्हा फिरवा.

---

पेठेतला:
आर्बरवरच आहे, दाखवायला जोडीदारच त्याच्याजवळ नेला होता. आडवी स्लाइडही लॉक आहे. मग आजच घेतो.

---

कृष्णाकाठ:
घ्या. पिन ज्या भोकापासून सुरू केली होती त्याच भोकापासून, त्याच दिशेने. आणि पहिल्या दोन खाचा झाल्या की तिथे मोजू नका, निदान पाच होऊ द्या, चार दातांच्या दोन्ही बाहेरच्या कुशी नव्या कापलेल्या हव्यात.